अश्केलोनचा कांदा

"पांढऱ्या कांद्याची माळ आता केवढ्याला पडते रे?"

हा प्रश्न मला अलिबागबाहेर कोणी विचारेल असं वाटलं नव्हतं. तो विचारला गेला भूमध्य समुद्राच्या काठावर, रोमन खांबांपासून हाकेच्या अंतरावर, आणि विचारणाऱ्या मावशी 1969 नंतर फक्त दोनदा भारतात आल्या होत्या. मी अडीचशे वगैरे काहीतरी ठोकून दिलं, त्यांनी असं काही तोंड केलं की जणू मीच भाव वाढवलाय.

तर झालं असं की 2023 च्या सुरुवातीला मी पाच महिन्यांसाठी कंपनीच्या कामाने तेल अवीवला होतो. टीममध्ये एकजण होता ज्याच्या आडनावाच्या शेवटी 'कर' होतं. पहिल्या आठवड्यात मला वाटलं नाव टाइप करताना काही चुकलंय. मग एकदा कॉफी मशीनपाशी विचारलं तर म्हणाला आईवडील कोकणातले, बेने इस्रायली, म्हणजे कोकणात पिढ्यानपिढ्या राहिलेले मराठी बोलणारे यहुदी, आणि मराठीत त्याला दोनच वाक्यं येतात, "जेवलास का" आणि "गप बस". आई रेवदंड्याची. मी म्हटलं मी अलिबागचा. त्याला ते अंतर कळलं नाही, पण त्याने रात्री आईला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी मला निरोपच आला की येत्या शुक्रवारी अश्केलोनला यायचं, पार्कात, जेवायला. विचारलं नव्हतं, कळवलं होतं.

तिकडे वीकेंड शुक्रवार-शनिवार असतो. शुक्रवारी दुपारनंतर शब्बाथसाठी, म्हणजे यहुद्यांच्या विश्रांतीच्या दिवसासाठी, सगळं हळूहळू बंद व्हायला लागतं, म्हणून पिकनिक सकाळी लवकर. मी सकाळची ट्रेन पकडून तासाभरात पोचलो. अश्केलोन म्हणजे किनारपट्टीवरचं दक्षिणेचं शहर, इथून गाझाची हद्द साधारण 13 किलोमीटर. बसस्टॉपच्या शेजारी सिमेंटच्या जाड भिंतींच्या छोट्या खोल्या दिसतात, सायरन वाजला की आत शिरायला. पहिल्यांदा बघितल्यावर मला ते सार्वजनिक शौचालय वाटलं होतं, तसं मी बोललोही, आणि माझा मित्र हसला नाही.

पार्क म्हणजे अश्केलोन नॅशनल पार्क. तिकीट काढून गाडी सरळ आत नेता येते. आत हिरवळ, लाकडी टेबलं, झाडं, तंबू ठोकायची जागा, एका बाजूला खाली उतरून बीच, आणि या सगळ्याच्या मधेमधे, म्हणजे अक्षरशः मधेमधे, कुठे संगमरवरी खांबाचा तुकडा गवतात आडवा पडलाय, कुठे विहीर, कुठे भिंत. आपल्याकडे असं काही असतं तर आधी तारेचं कुंपण, मग निळी पाटी, मग त्या पाटीवर कोणीतरी बदाम काढून दोन नावं. इथे एका खांबाला टेकून एक पोरगी मोबाइल चार्ज करत बसली होती, पॉवरबँक त्या खांबावरच ठेवलेली. मला आधी जरा राग आला आणि मग कळेना की कशाचा.

काकांनी शेगडी पेटवली. तिकडे या प्रकाराला मंगाल म्हणतात, कोळशावर मांस भाजायचं आणि हातात पुठ्ठा घेऊन वारा घालत बसायचं, त्या वारा घालायच्या पुठ्ठ्यालाही वेगळा शब्द आहे, नफनफ. काका पनवेलचे, फार बोलत नाहीत, पण पुठ्ठा हलवण्यात त्यांची एक लय होती. मावशींनी डबे काढले. चिकनला लावलेलं वाटण बघून मी म्हटलं, दह्यातलं का? तर म्हणाल्या, "दही कसं चालेल रे मांसाला? नारळाचं दूध." यहुदी नियमात दूध आणि मांस एकत्र चालत नाही, त्यामुळे बेने इस्रायली स्वयंपाकात दुधादह्याचं काम नारळाचं दूध करतं. कोकणात राहून हा नियम पाळणं तसं फार अवघड गेलं नसणार, नारळ दारातच. तांदळाच्या भाकऱ्या फॉइलमध्ये गुंडाळून आणलेल्या. आणि एका पिशवीत कांदे, त्यातले निम्मे पातीचे.

आता हा पातीचा कांदा मावशींनी विळीवर नाही, प्लास्टिकच्या बोर्डवर, पण अगदी आपल्या पद्धतीने चिरला, म्हणजे आधी पात वेगळी, पांढरं वेगळं, पांढऱ्याचे उभे काप. मित्र तेवढ्यात म्हणाला, तुला माहितीये ना इंग्लिशमध्ये याला स्कॅलियन म्हणतात, तो शब्द या गावावरून आलाय. मला वाटलं थापा मारतोय. पण खरंच आहे. या शहराचं ग्रीक-रोमन नाव अस्कलोन. इथला कांदा तेव्हा एवढा नावाजलेला होता की लॅटिनमध्ये त्याला अस्कलोनचा कांदाच म्हणायचे, स्ट्रॅबो नावाच्या ग्रीक भूगोलवाल्याने इथल्या कांद्याच्या बाजाराचा उल्लेख करून ठेवलाय, रोमन लेखक प्लिनीनेही लिहिलंय, आणि त्या नावाची मोडतोड होत होत युरोपातल्या भाषांत शॅलट आणि स्कॅलियन झाले. म्हणजे आम्ही ज्या हिरवळीवर बसलो होतो त्याच गावाचं नाव त्या बोर्डवर चिरलं जात होतं. आणि चिरणारी बाई ज्या तालुक्यातली, त्या अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला आता जीआय मानांकन मिळालंय. मी हे मावशींना सांगितलं. जीआय म्हणजे काय ते समजावलं, की दुसऱ्या कुणी आता अलिबागचा म्हणून विकायचा नाही. त्या म्हणाल्या, "मग तुमच्या अश्केलोनवाल्यांनी पण घ्यायला पाहिजे होतं." मुलाकडे बघून. मुलाला मराठी कळलं नाही.

जेवण व्हायला वेळ होता म्हणून मित्राने मला फिरवायला नेलं.

रोमन भाग म्हणजे मुख्यतः बॅसिलिका. हा शब्द ऐकून मला आपलं चर्च वाटलं होतं, पण रोमन लोकांची बॅसिलिका म्हणजे गावाचं मोठं सभागृह, कोर्टकचेरी, व्यापाराचे सौदे, सरकारी घोषणा सगळं तिथेच. 1920 च्या सुमारास जॉन गारस्टँग नावाच्या ब्रिटिश संशोधकाने ती पहिल्यांदा खणून काढली, मग बरीच वर्षं तशीच पडली होती, अलीकडे परत खोदकाम करून खांब पुन्हा उभे केलेत. मूळ इमारत हेरोद राजाच्या काळातली, म्हणजे दोनेक हजार वर्षांपूर्वीची, आणि त्यानंतर दोनेकशे वर्षांनी, सेव्हेरस घराण्यातल्या सम्राटांच्या वेळी तिचा थाट वाढवला, संगमरवरी खांब आजच्या तुर्कस्तानातून जहाजांनी आणून. मूळचे खांब 13 मीटरपर्यंत उंच होते म्हणे, म्हणजे आपल्या चार मजली बिल्डिंगएवढे. जवळ गेलं की दगडात राखाडी शिरा दिसतात, आणि समुद्राकडच्या बाजूला पृष्ठभाग साखरेसारखा खरखरीत झालाय. मी हात फिरवला तर बोटाला पांढरी भुकटी लागली. शेजारी मोठ्या शिल्पांचे तुकडे मांडलेत, त्यातली एक विजयाची देवी, पंखवाली, पृथ्वीच्या गोलावर उभी, आणि तो गोल खाली गुडघ्यावर बसलेल्या अ‍ॅटलसने खांद्यावर तोललेला. माझं लक्ष त्या अ‍ॅटलसकडेच जात राहिलं. देवीचं नाव विजय, वजन मात्र खालच्याच्या मानेवर.

इ.स. 363 मध्ये मोठा भूकंप झाला आणि बॅसिलिका कोसळली. खोदताना जमिनीवर त्या हादऱ्यांचे उंचवटे दिसले होते. पण मला त्यापुढची गोष्ट जास्त आवडली, ती अशी की कोसळल्यावर ते कोणी स्मारक वगैरे म्हणून जपलं नाही. पुढच्या अरब राजवटीत तिथे कारखाने झाले, खांब भिंतींना वापरले, ऑटोमन काळात संगमरवर कापून फरशा केल्या. समुद्राच्या बाजूला उतरलं की हे सगळ्यात भारी दिसतं. तटबंदीच्या पडक्या भिंतीतून ग्रॅनाइटचे गोल खांब आडवे बाहेर आलेत, एकाखाली एक, तोफांच्या नळ्यांसारखे. मध्ययुगात तट बांधताना रोमन खांब आडवे घालून भिंत घट्ट केली, आपण काँक्रीटमध्ये सळया घालतो तसं. नंतर लाटांनी खालची वाळू नेली, दगड निखळले, आणि खांब हवेत लोंबकळत राहिले. खाली दोघंजण गळ टाकून बसले होते.

त्या तटाचा इतिहास मी घरी जाऊन वाचला आणि डोकं गरगरलं. 1153 मध्ये क्रुसेडवाल्यांनी, म्हणजे युरोपातून धर्मयुद्धाला आलेल्या ख्रिस्ती सैन्याने, इजिप्तच्या फातिमी खलिफांकडून शहर घेतलं. 1187 मध्ये मुस्लिम सुलतान सलादिनने ते परत घेतलं. चारच वर्षांनी, इंग्लंडचा राजा रिचर्ड येतोय म्हटल्यावर, त्याच्या हाती लागू नये म्हणून सलादिनने स्वतःच शहर पाडलं. रिचर्डने 1192 ला परत बांधलं, आणि त्याच वर्षी दोघांच्या तहात ठरलं की पाडायचं, म्हणून परत पाडलं. पुढे आणखी एकदा बांधलं, आणि 1270 मध्ये बैबर्स सुलतानाने असं पाडलं की तिथे शहर म्हणून परत कधी उठलंच नाही. आमच्या गल्लीत नगरपालिका रस्ता करते आणि पाण्याची पाइपलाइन टाकायला पुढच्या महिन्यात उकरते तेव्हा आपण किती चिडतो.

आणि मग 1815 ची लेडी हेस्टर स्टॅनहोप. ब्रिटिश उमराव घराण्यातली बाई, पश्चिम आशियात फिरत असायची. तिला कुठूनतरी कळलं की अश्केलोनला सोन्याचा मोठा साठा पुरलाय, म्हणून तुर्की सरकारची परवानगी काढून मजूर लावून खणायला लागली. सोनं काही मिळालं नाही, मिळाला एक सुंदर संगमरवरी पुतळा, डोकं नसलेला. आणि बाईने काय करावं, तो फोडायला लावला, बारीक तुकडे करून, कारण लोकांना वाटायला नको की ही इथल्या वस्तू युरोपात पळवायला आलीय. प्रामाणिकपणा सिद्ध करायला पुतळा फोडला! मी ही गोष्ट नंतर काकांना सांगितली तर ते दिवसभरात पहिल्यांदा मोठ्याने हसले.

पार्कातलं रोमन सगळंच जुनं वाटत असेल तर उत्तरेच्या बाजूला जायचं. तिथे मातीच्या विटांचं वेशीचं दार आहे, कमानीचं, इ.स.पू. 1850 च्या आसपासचं, जगात सापडलेल्या सगळ्यात जुन्या कमानींच्या वेशींमध्ये धरतात. याच वेशीच्या बाहेर उतारावर 1990 मध्ये अमेरिकन पुरातत्त्ववाल्यांना एक चांदीचं वासरू सापडलं, वीतभरही नाही एवढं, मातीच्या छोट्या देवळात ठेवलेलं. ते आता जेरुसलेमच्या म्युझियममध्ये आहे. त्याच लोकांना कुत्र्यांची दफनभूमी पण सापडली, इराणी साम्राज्याच्या काळातली, हजाराच्या वर कुत्री, त्यात बरीच पिल्लं, प्रत्येकाला वेगळा खड्डा, कुशीवर निजवलेलं आणि शेपूट पायाभोवती नीट गुंडाळून ठेवलेलं. कशासाठी, यावर विद्वानांची अजून भांडणं चालू आहेत. ती शेपूट गुंडाळून ठेवणारी माणसं माझ्या डोक्यातून जात नाहीत. राजे कोण होते ते आठवत नाही मला, ते हात मात्र दिसतात.

परत येताना वाटेत एका जुनाट झाडाशी थांबलो. जाड बुंधा, आणि फळं फांद्यांच्या टोकाला नाही तर थेट बुंध्यावर झुबक्यांनी लगडलेली. मी म्हटलं हा उंबर इथे कसा? मित्र म्हणाला शिक्मा. उंबर नाही पण त्याचाच जवळचा भाऊ, त्याच वंशातला, बायबलमध्येही हे झाड येतं. मावशींना विचारलं तर म्हणाल्या, "आम्ही पयल्यांदा आलो तेव्हा मी पण उंबरच म्हणायची. अजून म्हणते." त्यांचं मराठी असंच आहे, मधूनच 'पयला', बसला 'मोटार', आणि एखादं नाम हिब्रू. 1969 ला सतराव्या वर्षी त्या आल्या तेव्हाचं रेवदंडा त्यांच्या बोलण्यात जसंच्या तसं आहे. सातखणी मनोरा अजून उभा आहे का, असं विचारलं. आहे म्हटलं. पोर्तुगीजांच्या किल्ल्यात नारळाच्या वाड्या अजून? आहेत, आणि तटावर कपडे पण वाळत असतात. "मग झालं की. आमचं लहानपण असंच गेलं, पडक्या तटात लपाछपी, समोर समुद्र. मला इथे पयल्या दिवशी आणलं यांनी, तेव्हा मी म्हटलं, एवढ्या लांब येऊन हेच?"

खरंच हेच आहे. चौल-रेवदंडा म्हणजे ग्रीक-रोमन खलाश्यांचं सेमिल्ला, इ.स.च्या पहिल्या शतकातल्या पेरिप्लस नावाच्या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत बंदर म्हणून नाव आहे, रोमन माल तिथे उतरायचा. आणि बेने इस्रायलींची स्वतःची गोष्टही किनाऱ्याचीच, अलिबागजवळ नवगावला गलबत फुटलं आणि सात जोडपी वाचली, त्यांचे आम्ही. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद, म्हणून शनिवार तेली. त्यांच्या त्या गोष्टीत कागद नाही, शिलालेख नाही, शनिवार आहे आणि 'कर' आहे. इथे आल्यावर मात्र कागद मागितले गेले. 1962 मध्ये इथल्या मुख्य धर्मपीठाने सांगितलं की बेने इस्रायलींचं लग्न लावताना मागच्या पिढ्या तपासा. आंदोलनं झाली, आणि 1964 मध्ये सरकारला जाहीर करावं लागलं की हे सर्व बाबतीत पूर्ण यहुदी आहेत. मावशी त्यानंतर आल्या, काका मात्र त्याच्या आधीच. काका पुठ्ठा हलवत म्हणाले, "कांद्याला बरं, कुणी आजा-पणजा इचारला नाय." तेवढंच बोलले आणि परत कोळशाकडे वळले.

मला अजून एक बोलायचं होतं आणि ते जेवताना निघालं नाही, मीच काढलं नाही. या पार्कात, जुन्या तटाला लागून, 1948 पर्यंत अल-जुरा नावाचं कोळ्यांचं आणि बागायतदारांचं गाव होतं, 1945 ला दोन हजार चारशेच्या आसपास वस्ती. 1948 च्या अरब-इस्रायल युद्धात ते रिकामं झालं, लोक गाझाकडे गेले, घरं पाडली. शेजारचं मजदल विणकरांचं गाव, तिथल्या हातमागाच्या कापडाला नाव होतं, तिथली उरलेली अरब वस्तीही 1950 मध्ये गाझाला पाठवली गेली. आजच्या अश्केलोनचा जुना बाजार म्हणजे तेच मजदल. म्हणजे या हिरवळीखाली कनानी, फिलिस्ती, रोमन, बायझंटाइन असं सगळं मोजून झालं की सगळ्यात वरचा थर हा, आणि तो थर अजून जिवंत आहे, त्या माणसांची नातवंडं दक्षिणेला काही किलोमीटरवर आहेत. रोमन खांबाचं कौतुक करणं सोपं जातं कारण त्यावर हक्क सांगायला कुणी रोमन येत नाही. समुद्राकाठी दक्षिणेला वीजकेंद्राच्या उंच चिमण्या दिसत होत्या, त्याच्या पलीकडे धूसर. मी तिकडे बघत असताना मित्राने नुसतं सांगितलं, "हो, तिकडेच." त्यालाही माहीत होतं मी काय बघतोय.

(जाता जाता एक. याच शहरातल्या हॉस्पिटलच्या आवारात एक संगमरवरी चौथरा आहे. इमाम हुसेन यांचं शिर एके काळी इथे पुरलं होतं अशी श्रद्धा, 1153 ला ते कैरोला नेलं. तिथला जुना दर्गा 1950 मध्ये पाडला गेला, आणि हा चौथरा बांधला आपल्याकडच्या दाऊदी बोहऱ्यांनी. भारतातून माणसं येतात तिथे नमाज पढायला. म्हणजे मुंबईच्या माणसाला या गावात यायची कारणं माझ्यापेक्षा खूप जुनी आहेत.)

जेवण मात्र काय झालं म्हणून सांगू. भाकरीत चिकन, वर कच्चा कांदा, लिंबू, आणि मावशींनी आणलेली सुक्या खोबऱ्याची चटणी. शेजारच्या टेबलावरच्या कुटुंबाने आमच्या भाकऱ्यांकडे बघून काहीतरी विचारलं, मावशींनी दोन देऊन टाकल्या, बदल्यात लोणच्यातली काकडी आली. शेवटी चिकचा हलवा, गव्हाचा चीक आणि नारळाचं दूध घालून केलेला, जो खरं तर त्यांच्या नव्या वर्षाला करतात, पण "अलिबागवरून कोण येतंय रोज."

आवरायला लागलो तर पिशवीच्या तळाशी एक कांदा निघाला, मऊ पडलेला, टोकाला हिरवा कोंब. काका कचऱ्यात टाकायला निघाले. मावशींनी हातातून काढून घेतला, "कोंब आलाय त्याला, कुंडीत लावते." पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळून पर्समध्ये. चार वाजायच्या आत घरी पोचायचं होतं, शब्बाथच्या मेणबत्त्या लावायच्या होत्या.

त्यानंतर मी जूनमध्ये परत आलो, आणि ऑक्टोबरमध्ये काय झालं ते सगळ्यांना माहितीये. अश्केलोनवर रॉकेट पडत होती, त्या दिवसांत मी रोज मित्राला मेसेज करायचो आणि तो रोज फक्त अंगठा पाठवायचा. गाझातल्या बातम्या मी बघत होतो आणि काही दिवस बघणं बंद केलं, ते काही अभिमानाने सांगत नाही. मावशींचा एकदाच फोन आला, घरातल्या सुरक्षित खोलीतून, आवाज नेहमीसारखाच. पार्कचं विचारायची हिंमत झाली नाही, त्यांनीच सांगितलं, बंद आहे. मग म्हणाल्या, "दगडांना काय होतंय."

गेल्या मार्चमध्ये पोयनाडच्या अलीकडे रस्त्यावर गाडी थांबवून मी पांढऱ्या कांद्याची माळ घेतली. घरी येऊन खिळ्याला अडकवली आणि फोटो पाठवला, भाव पण लिहिला. उत्तर दोन दिवसांनी आलं, फोटोच. बाल्कनीची जाळी, मागे बिल्डिंगची टाकी, आणि तेलाच्या कापलेल्या डब्यात लावलेली कांद्याची पात, चांगली हातभर, एका बाजूने कापलेली. खाली व्हॉइस मेसेज, बारा सेकंदांचा. "हा त्याच पार्कातल्या कांद्याचा वाढा आहे हां. रोज थोडी कापते. आणि माळ अशी भिंतीला चिकटवून नको टांगू, वारा लागला पाहिजे चारी बाजूंनी, नायतर मधले कुजतात."

मी माळ काढून खिडकीत टांगली.